ह्यूमसाहेब आणि रानपिंगळा

इ. स. १८९७ च्या डिसेंबर महिन्यात अमरावती येथे राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी चेत्तूर शंकरन नायर होते आणि पाहुण्यांच्या स्वागताचा भार अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी उचलला होता. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून प्रतिनिधी वऱ्हाडात आले. परंतु ज्या गृहस्थाने बारा वर्षांपूर्वी ही सभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला, तो त्या वेळी हिंदुस्थान सोडून मायदेशी परतलेला होता. त्याचे नाव अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ह्यूम यांचे नाव इतिहासात सर्वांस ठाऊक आहे. वऱ्हाडाशी त्यांचे आणखी एक नाते आहे, ते मात्र थोड्यांस माहीत असते. अमरावतीच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाटाचे अरण्य पसरले आहे. त्या अरण्यात जेमतेम वीतभर उंचीचे एक घुबड राहते. त्यास रानपिंगळा म्हणतात. या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख करून दिली ती ह्यूम यांनी.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. सरकारी खर्चाचा काटेकोर हिशेब मागणारे आणि सुधारणांचा पक्ष घेणारे म्हणून त्यांची ख्याती होती. हिशेबीपणा आणि न्यायाची चाड हे दोन्ही गुण मुलाच्या अंगी उतरले. हेलीबरी येथील विद्यालयात शिक्षण घेऊन, वैद्यकाचाही थोडा अभ्यास करून, १८४९ साली ह्यूम हिंदुस्थानात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. गंगा-यमुनेच्या दुआबातील इटावा जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली आणि पुढे तेथेच ते कलेक्टर झाले.

कलेक्टरचे काम म्हणजे सारा गोळा करणे, असे त्या काळी अनेक अधिकारी मानीत. ह्यूम यांची समजूत निराळी होती. प्रजा अडाणी राहिली, तर राज्यकारभारास अर्थ नाही, असे त्यांना वाटे. त्यांनी लोकांच्या साहाय्याने गावोगाव शाळा काढल्या. १८५७ सालापर्यंत त्यांच्या जिल्ह्यात १८१ शाळा उभ्या राहिल्या होत्या. दारूवरील करातून सरकारास उत्पन्न मिळे. परंतु आधी लोकांस व्यसनी करावयाचे आणि मग त्यांच्या गुन्ह्यांसाठी तुरुंग बांधावयाचे, हा व्यवहार त्यांना लाजिरवाणा वाटे. १८५७ च्या उठावात इटावा सोडून त्यांना आग्र्यास आश्रय घ्यावा लागला. शांतता झाल्यावर अनेक ठिकाणी सूडाचे सत्र सुरू झाले. ह्यूम यांनी मात्र आपल्या जिल्ह्यात दयेचे धोरण ठेवले.

त्या धामधुमीत त्यांचे एक वैयक्तिक नुकसान झाले. लहानपणापासून त्यांना पक्ष्यांचा नाद होता. हिंदुस्थानात आल्यापासून त्यांनी पक्ष्यांचे नमुने जमविण्यास आरंभ केला होता. तो सारा संग्रह या काळात नष्ट झाला. दुसरा कोणी असता तर त्याने तो नाद सोडून दिला असता. ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ साली त्यांच्याकडे एक विलक्षण खाते आले. मिठावरील कर बुडू नये म्हणून सरकारने देशाच्या मध्यातून जकातीची एक रेषा आखली होती. सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत ती सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर सुमारे १२ हजार माणसे पहारा करीत. या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढविण्यात येत असे. हे कुंपण पंजाबपासून दक्षिणेस तापीकाठच्या बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे जवळजवळ मेळघाटाच्या शेजारापर्यंत, येऊन पोहोचले होते. या कुंपणाची वाढ आणि निगा राखणे हे ह्यूम यांचे काम होते. ते त्यांनी चोख बजावले. परंतु गरिबाच्या ताटातील चिमूटभर मीठ महाग करणारी ही भिंत होती, हेही तितकेच खरे. १८७९ साली ती जकात रेषा रद्द झाली. न्यायप्रिय माणसालाही अन्यायाच्या गाड्याला कसे जुंपून घ्यावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

या नोकरीत ह्यूम यांना पुष्कळ भटकंती करावी लागे. तिचा लाभ त्यांनी पक्ष्यांच्या अभ्यासासाठी करून घेतला. १८७१ साली सरकारने शेती, महसूल व व्यापार यांचे नवे खाते निर्माण केले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदी कापूस हवा होता, हे या खात्याच्या जन्माचे एक कारण होते. वऱ्हाड हा तर कापसाचाच मुलूख. एकट्या कापसाचा विचार न करता शेतकऱ्याचा विचार करावा, असा ह्यूम यांचा आग्रह होता. १८७९ साली त्यांनी हिंदुस्थानातील शेतीच्या सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. सरपण मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो आणि त्यामुळे शेत खतावाचून उपाशी राहते, हे त्यांनी ओळखले होते. त्यावर उपाय म्हणून सरपणासाठी मुद्दाम झाडांची लागवड करावी, असे त्यांनी सुचविले. गावाची चूल, गावाचे शेत आणि गावाजवळचे रान ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले होते.

त्याच सुमारास सिमल्यातील आपल्या निवासस्थानी त्यांनी पक्ष्यांचे मोठे संग्रहालय उभारले. देशभर विखुरलेले अधिकारी, डॉक्टर, सैनिक त्यांना नमुने आणि टिपणे पाठवीत. ही माहिती प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी स्ट्रे फेदर्स, म्हणजे विखुरलेली पिसे, या नावाचे नियतकालिक चालविले. प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. पक्षी कोठे, केव्हा आणि कोणी मिळविला, हे तीवर लिहिलेले असे. ही चिठ्ठी क्षुल्लक वाटते. परंतु तीवाचून मेलेला पक्षी म्हणजे निव्वळ पिसांचा पुंजका होय.

१८७२ साली आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागातून एफ. आर. ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने एक लहान घुबड पाठविले. खेड्यापाड्यांतील वडा-चिंचेच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा असतो. हे घुबड प्रथमदर्शनी तसेच दिसे. परंतु ह्यूम यांच्या चिकित्सक नजरेने भेद हेरला. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. याच्या माथ्यावर ते जवळजवळ नव्हते. याचे डोके मोठे होते, पायही अधिक दणकट होते. हा पक्षी निराळा आहे, असे ठरवून १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास त्यांनी जे शास्त्रीय नाव दिले, त्याच्या पहिल्या शब्दाचा अर्थ निराळे घुबड असा आहे, आणि दुसऱ्या शब्दात ब्लुइट यांची आठवण ठेवली आहे. हाच आपला रानपिंगळा.

वरिष्ठांना न रुचणारे स्पष्ट बोलणे ह्यूम यांना भोवले. १८७९ साली त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ साली ते निवृत्त झाले. आता हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावा, असा त्यांचा संकल्प होता. सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे त्यासाठी तयार होती. एकदा हिवाळा इतरत्र काढून ते सिमल्यास परतले, तो ती हस्तलिखिते जागेवर नव्हती. त्यांच्या गैरहजेरीत एका नोकराने ती रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली होती. पाव शतकाचे श्रम पुड्या बांधण्याच्या कामी गेले. या आघातातून त्यांचे मन पुन्हा उभारी धरू शकले नाही. पक्ष्यांवरील तो ग्रंथ कधीच लिहिला गेला नाही.

त्यांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देणगी म्हणून दिला. सुमारे ८२ हजार नमुन्यांचा तो संग्रह १८८५ साली लंडनकडे रवाना झाला. याच सुमारास ते शाकाहारी बनले आणि पक्षी मारणेही त्यांनी सोडून दिले. हाती असलेली सारी शक्ती त्यांनी दुसऱ्या कार्याकडे वळविली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. विखुरलेल्या पक्षिप्रेमी माणसांना पत्रांच्या धाग्याने एकत्र बांधणाऱ्या ह्यूम यांनी विखुरलेल्या देशभक्तांनाही त्याच चिकाटीने एकत्र आणले. पुढे अनेक वर्षे ते राष्ट्रसभेचे सरचिटणीस होते. १८९४ साली त्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. उतारवयात ते वनस्पतींच्या अभ्यासात रमले आणि १९१० साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापन केली. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ह्यूम गेले, परंतु त्यांच्या रानपिंगळ्याची कथा संपली नव्हती. १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशातील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे भागातून या पक्ष्याचे आणखी काही नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. डॉ. सलीम अली आणि अमेरिकन तज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांचे शोधही निष्फळ ठरले. रानपिंगळा पृथ्वीवरून नाहीसा झाला असावा, असे बहुतेकांस वाटू लागले.

शोध चुकण्यास एक खोटी चिठ्ठीही कारण झाली होती. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मिळविला, असे नोंदविले होते. वस्तुतः तो डेव्हिडसन यांनीच मिळविलेला जुना नमुना होता. संग्रहालयातून तो चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासून हा बनाव उघडकीस आणला. मग खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह, प्रथम फुलझरकडे आणि नंतर खानदेशात गेल्या. २५ नोव्हेंबर १८८४ नव्हे, तर १९९७ रोजी, शहाद्याजवळच्या रानात, भर सकाळी, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी त्याची भेट झाली होती. पुढे भारतीय अभ्यासकांनी सातपुड्यात कसून शोध घेतला, तेव्हा मेळघाटातही तो आढळला. आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या प्रमुख आश्रयस्थानांपैकी एक आहे.

हा पक्षी इतका दुर्मीळ का झाला, याचे उत्तर रानाच्या कडेशी निगडित आहे. जेथे रान संपते आणि शेत सुरू होते, त्या पट्ट्यास रानाची कड म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट किंवा परतवाड्याकडे, ही कड सहज पाहता येते. एका बाजूस सागाचे रान, दुसऱ्या बाजूस कपाशी आणि तुरीची शेते. या पट्ट्यात पक्ष्यांची मोठी वर्दळ असते. बुलबुल, सातभाई, कोतवाल, वेडा राघू, नीलकंठ असे कितीतरी पक्षी तेथे दिसतात. कारण शेतातील अन्न आणि झाडांचा आसरा दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली कडेवरील या संपन्नतेकडे लक्ष वेधले. कड वाढली म्हणजे पक्षी वाढले, असे त्यानंतर पुष्कळ दिवस मानले जात होते.

पुढील संशोधनाने या समजुतीची दुसरी बाजू दाखविली. कडेवर ऊन अधिक पडते, वारा थेट आत शिरतो, जमीन लवकर सुकते आणि वणवाही तेथून आत जातो. कावळे, मांजरे, कुत्री शेताकडून रानात येतात आणि घरट्यांतील अंडी-पिले फस्त करतात. ज्या पक्ष्यांना रानाच्या आतली शांत सावली हवी असते, ते अशा ठिकाणी तग धरीत नाहीत. म्हणजे कडेवर पक्ष्यांच्या जाती पुष्कळ दिसल्या, तरी त्या बहुधा सर्वत्र आढळणाऱ्या असतात. आणि दुर्मीळ जाती मुकाट्याने कमी होत जातात.

साध्या गणिताने हे स्पष्ट होते. दहा किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद असे एक रान आहे, असे समजा. त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस किलोमीटर आणि त्याची कड ४० किलोमीटर. आता तेवढ्याच रानाचे एकेक चौरस किलोमीटरचे शंभर सुटे तुकडे झाले, तर एकूण क्षेत्रफळ पूर्वीइतकेच राहते. परंतु कड होते ४०० किलोमीटर. कडेचा परिणाम आत २५० मीटरपर्यंत पोहोचतो असे धरले, तर अखंड रानात ९० चौरस किलोमीटरांहून अधिक भाग सुरक्षित राहतो. तुकडे झालेल्या रानात मात्र अवघा २५ चौरस किलोमीटर उरतो. एकही झाड अधिक न तोडता, केवळ रान विखुरल्याने, दोन-तृतीयांशाहून अधिक आतील रान नाहीसे होते.

रानपिंगळ्याचा स्वभाव या दोन टोकांच्या मधला आहे. त्याला किर्र अरण्य नको असते. विरळ, कोरड्या सागवनात उंच फांदीवर तो दिवसाढवळ्या बसतो आणि खालच्या मोकळ्या जमिनीवरील पाली, सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. म्हणून रानातील मोकळ्या जागा त्याला सोयीच्या असतात. परंतु घरट्यासाठी त्याला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि सरपणासाठी पहिली कुऱ्हाड नेमकी कडेवरच्या जुन्या झाडावर पडते. कड जसजशी शेताकडे झुकते, तसतसा खेड्यातील नेहमीचा पिंगळा पुढे सरकतो. शेतात उंदरांसाठी टाकलेले विष उंदरांच्या पोटातून घुबडांच्या पोटात जाते. घुबड अपशकुनी आहे, या खुळ्या समजुतीचाही त्याला जाच होतो. कडेवर जगणाऱ्या या पक्ष्याची कडच सुरक्षित राहिली नाही, तर तो मागे हटून जाणार कोठे? सपाटीवरील त्याची रानेही पुष्कळशी शेताखाली गेली.

१९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची निवड झाली. वाघासाठी राखलेल्या अखंड रानाने रानपिंगळ्यासही छत्र दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तरीही कायदा एकटा पुरेसा नाही. रानाच्या कडेवर कोरकू आणि इतर लोकांची गावे आहेत, त्यांच्या चुली आहेत, त्यांची गुरे आहेत. गावाला सरपण आणि चारा गावाजवळच मिळाला, जुनी ढोलीची झाडे उभी ठेवली, शेतातील विष आवरले आणि रानाचे तुकडे एकमेकांस जोडलेले राहिले, तर माणूस आणि पक्षी दोघांचाही निर्वाह होऊ शकतो. यांतील सरपणाचा विचार ह्यूम यांनी शेतीच्या हितासाठी १८७९ सालीच मांडला होता.

ह्यूम यांचा महाग्रंथ रद्दीत गेला. त्यांच्या डोळ्यांदेखत मोठे काम मातीमोल झाले. परंतु एका लहान घुबडाच्या पायाला बांधलेल्या खऱ्या चिठ्ठ्या टिकल्या, आणि सव्वाशे वर्षांनंतर त्याच चिठ्ठ्यांनी हरवलेला पक्षी शोधून दिला. प्रामाणिकपणे केलेली लहानशी नोंदही केव्हा आणि कोणाच्या उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. आज मेळघाटच्या सागाच्या फांदीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात शेपटी हलवीत रानपिंगळा बसतो. आपल्याला कोणी नाव दिले, हे त्याला ठाऊक नाही. त्याचे रान राखावयाचे की नाही, हे ठरविणाऱ्या माणसांना मात्र ते ठाऊक असले पाहिजे.